चलन ऑफिसला पोहोचत नाही तेव्हा : कनेक्शन एररविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचा चलन-बिलिंग प्रोग्राम वापरणारे कारखानदार, गोदाम सांभाळणारी मंडळी आणि ऑफिसात बिलं काढणाऱ्या सर्वांसाठी हे पत्रक आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाडी भरून उभी आहे, टॉवेलच्या गठाणी मोजून झाल्या, चलन सेव्ह केलं; आणि ऑफिसात बिल निघत नाही, कारण चलन तिथं आलेलंच नाही. गोदामातल्या स्क्रीनवर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर दिसतोय. अशा वेळी सगळं बंद करून पुन्हा चालू करावंसं वाटतं. कृपया तेवढं थांबा. त्या मजकुरातच गाडं कुठं अडलंय ते लिहिलेलं असतं.

आधी रचना समजून घ्या. गोदामातला जावा प्रोग्राम चलन थेट बिलिंगच्या कॉम्प्युटरला देत नाही. तुमच्या ऑफिसात आम्ही एक छोटा लिनक्स सर्व्हर बसवलाय, त्यावर रॅबिटएमक्यू चालतं, म्हणजे आलेले निरोप रांगेत ठेवून पुढे देणारा प्रोग्राम. चलन तिथल्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, थांबतं आणि बिलिंगचा प्रोग्राम ते उचलून घेतो. गोदामातली नोंद आधी त्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठते, मगच क्यूकडे जाते. म्हणून एरर आली तरी चलन हरवलेलं नसतं. तेच चलन पुन्हा टाकू नका. लाइन तुटताना एखादं चलन क्यूकडून दोनदा येऊ शकतं, ते आमचा प्रोग्राम चलन नंबरावरून ओळखून बाजूला ठेवतो. पण तुम्ही हाताने पुन्हा टाकलेल्या चलनाला नवा नंबर पडतो. मग एकाच मालाची दोन बिलं निघतात आणि जीएसटीच्या वेळी ती निस्तरताना सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला येतो.

एरर कशी वाचायची

जावाची एरर लांबलचक असते आणि आम्हाला फोटो येतो तो वरच्या दोन ओळींचा. खरं कारण बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या ‘कॉज्ड बाय’ या शब्दांपुढे असतं. खाली स्क्रोल करा आणि ती ओळ शोधा.

तिथं ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर त्या पत्त्यावरचं मशीन चालू आहे, पण ५६७२ या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर, ऐकायला कोणी नाही. म्हणजे एक तर रॅबिटएमक्यू बंद पडलंय किंवा तुमचा प्रोग्राम भलत्याच मशीनचं दार ठोठावतोय. दुसरा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल तर समोरून काहीच उत्तर आलं नाही: सर्व्हर बंद, केबल निघालेली, किंवा मध्ये कुठलं तरी फायरवॉल किंवा अँटिव्हायरस अडवतंय. ‘अननोन होस्ट’ म्हणजे सर्व्हरचं नाव सांगितलं पण त्या नावाचा पत्ताच सापडला नाही. सेटिंगमधलं स्पेलिंग आणि राउटर बघा.

लगेच करता येईल अशी एक तपासणी आहे. गोदामातल्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवर मशीन ओळखायचा आकडा), मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि १५६७२ टाका. रॅबिटएमक्यूचं लॉगिन पान उघडलं तर सर्व्हर, केबल, राउटर, रॅबिटएमक्यू सगळं जिवंत आहे. लक्षात ठेवा, १५६७२ फक्त पान बघण्यासाठी. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ५६७२ च हवं. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी टाकले गेले की प्रोग्राम कधीच जोडला जात नाही.

लाइट गेल्यानंतर

उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुधा इथंच असतं. लाइट येते, राउटर पुन्हा उठतो आणि सगळ्या मशीनना नव्याने आयपी पत्ते वाटतो. सर्व्हरला कालपर्यंत शेवटी ५० असलेला पत्ता होता, आज ५३ मिळाला, आणि ५० गेला प्रिंटरला. गोदामातला प्रोग्राम अजून ५० लाच चलन द्यायला जातो. प्रिंटर चालू आहे, पण ५६७२ वर ऐकत नाही, म्हणून ‘रिफ्यूज्ड’. यावर उपाय एकच: राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवणे. आम्ही सर्व्हर बसवताना ते करून देतो, पण तुम्ही राउटर बदललात की ती नोंद जाते. राउटर बदलण्याआधी आम्हाला एक फोन करा.

चालू करण्याचा क्रमही महत्त्वाचा. चालता-चालता लाइन तुटली तर जावाकडची लायब्ररी (जोडणी सांभाळणारा प्रोग्रामचा तयार भाग) दर ५ सेकंदांनी आपोआप पुन्हा जोडायचा प्रयत्न करते. पण प्रोग्राम सुरू होतानाची पहिलीच जोडणी फसली तर ती स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही. म्हणून आधी राउटर, मग सर्व्हर, १५६७२ चं पान उघडलं की मग गोदामातला प्रोग्राम.

बाहेरगावच्या शाखा आमच्याकडे ५६७१ या सुरक्षित पोर्टवरून जोडलेल्या आहेत. तिथं सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हर खरा आहे हे पटवणाऱ्या डिजिटल ओळखपत्राची, एरर आली तर सर्वात आधी कॉम्प्युटरची तारीख बघा. जुन्या मशीनमधला मदरबोर्डचा सेल संपला की लाइट गेल्यावर घड्याळ कितीतरी वर्षं मागे जातं, आणि जावाला वाटतं की सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. सेल बदला, तारीख नीट करा, काम होतं.

‘ॲक्सेस रिफ्यूज्ड’

इथं प्रोग्राम सर्व्हरपर्यंत पोहोचला, पण युजर किंवा पासवर्ड मान्य झाला नाही. काही जण ‘गेस्ट’ युजर वापरून बघतात. तो मुळातच फक्त सर्व्हरवरून चालतो, दुसऱ्या मशीनवरून नाही. रॅबिटएमक्यूने २०१४ पासून तसंच ठेवलंय. आणि एक कळकळीची विनंती: सर्व्हर-कॉम्प्युटरचं नाव बदलू नका. रॅबिटएमक्यू आपला डेटा त्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. नाव बदललं की ते कोरं उठतं, त्यात ना क्यू ना युजर. डेटा डिस्कवर असतो, जुनं नाव परत दिल्यावर सापडतो, पण तोवर काम बंद पडतं.

एरर नाही, तरी चलन जात नाही

हे सर्वात फसवं. सर्व्हरच्या डिस्कवर मोकळी जागा फार कमी उरली (मूळ सेटिंगनुसार ५० एमबीच्या खाली) की रॅबिटएमक्यू नवीन चलनं घेणं थांबवतं. गोदामातला प्रोग्राम एररही देत नाही, नुसता थांबून राहतो. १५६७२ च्या पानावर डिस्कचा रकाना लाल झालेला दिसेल. त्याच सर्व्हरवर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा टॅलीचे बॅकअप साठवलेले असतात, ते दुसरीकडे हलवा. जागा झाली की चलनं आपोआप पुढे सरकतात. त्या पानावरचं ‘पर्ज’ आणि ‘डिलीट’ बटण मात्र कुणीही दाबू नका. त्याने एरर जात नाही, रांगेत थांबलेली चलनं जातात.

एवढं करूनही अडलं तर व्हॉट्सॲपवर पाठवा: ‘कॉज्ड बाय’च्या शेवटच्या ओळीचा फोटो, एरर पहिल्यांदा आली ती वेळ, १५६७२ चं पान उघडतंय का, आणि उघडत असेल तर क्यूच्या ‘रेडी’ रकान्यातला आकडा. तो आकडा वाढत असेल तर अडचण बिलिंगच्या बाजूला आहे आणि आम्ही थेट तिथूनच सुरुवात करू.