ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरते? पॅड बदलण्याआधी हे वाचा

यवतेश्वर किंवा पसरणी घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरतं, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या आधीच दुसरीकडे फिरून आलेल्या असतात. कुणी दोनदा बॅलन्सिंग केलेलं असतं, कुणी नवे पॅड टाकलेले असतात, कुणी डिस्क, म्हणजे पॅड जिला दाबून चाक थांबवतात ती चकती, लेथवर मारून (घासून सपाट करून) आणलेली असते. पैसे गेलेले असतात आणि थरथर तशीच असते.

आधी एवढं बघा. ब्रेकला पाय न लावताही ८०-९० च्या वेगाला स्टीअरिंग हलत असेल, तर ते टायर-चाकाचं काम आहे. तिथे बॅलन्सिंगच करा, आमच्याकडे यायची गरज नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग हलत असेल तर बहुधा पुढच्या डिस्क. स्टीअरिंग शांत आहे, पण सीट आणि पेडल हलतंय, तर मागचे ड्रम तपासायला हवेत. आणि खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली खटखट झाली, तर तो एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याचं काम करतोय. तो बिघाड नव्हे.

आता मुख्य मुद्दा. "डिस्क वाकलीय" असं सगळेच म्हणतात, पण डिस्क सहसा वाकत नाही. तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी दोन भाग, म्हणजे ०.०२ मिलिमीटर एवढा फरक पडला तरी पायाला जाणवतो. त्या डिस्कवर नवे पॅड टाकले तर तेही त्याच उंचसखल जागेवर घासणार.

मग जाडी कमी-जास्त होते कशानं? बऱ्याचदा डिस्कच्या मागच्या हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावर, गंज धरलेला असतो. आपल्याकडच्या पावसात तो धरतोच. पाटाखाली खडा आला की पाट डुगडुगतो, तशी गंजावर बसलेली डिस्क फिरताना किंचित डोलते. ब्रेक न दाबताही तिची एकच बाजू प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासून जाते आणि तिथेच झिजते. म्हणून हब साफ न करता बसवलेली कोरी डिस्कसुद्धा सुरुवातीला छान चालते आणि काही हजार किलोमीटरनंतर परत थरथरायला लागते. लोकांना वाटतं पार्ट डुप्लिकेट निघाला. पार्ट चांगला असतो, बसवणं चुकलेलं असतं. पंक्चर काढताना गनने एकेक नट आवळत गेलं तरी डिस्क अशीच तिरकी बसते. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आणि शेवटी टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे.

म्हणून आम्ही फोनवर "किती खर्च येईल?" याचं उत्तर देत नाही आणि तपासणीचे पैसे वेगळे घेतो. काहींना ते खटकतं. पण चाक काढून, डायल गेज लावून डिस्क किती डोलते ते बघणं, मायक्रोमीटरने सात-आठ जागी जाडी मोजणं, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना मोकळ्या सरकतात का, चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट ढिले आहेत का हे पाहणं, याला वेळ लागतो. आकडे आम्ही बिलावर लिहून देतो. डिस्क बदलायची वेळ आली नसेल तर तसं सांगतो. नुसता हब घासून, तीच डिस्क हबवर थोडी फिरवून बसवल्यावर निभावलेल्या गाड्या बऱ्याच आहेत.

डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याच्या खाली गेलेली डिस्क आम्ही लेथवर मारत नाही, कितीही आग्रह केला तरी. पातळ डिस्क घाटात लवकर तापते. आणि बदलायची तर दोन्ही बाजूंची एकदम, नाहीतर ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते. पार्ट तुम्ही आणलात तरी चालेल, पण हब साफ करण्याचं काम आम्ही गाळणार नाही.

घाट उतरताना ज्या गियरमध्ये चढलात त्याच्या आसपासच्याच गियरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. खाली आल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. तशीच गाडी वॉशिंगला नेऊन गरम डिस्कवर पाण्याचा फवारा मारून घेणं तर फारच वाईट.

गाडी आणाल तेव्हा सकाळी आणा. तापलेल्या डिस्कचं माप बरोबर येत नाही, मग आम्हाला ती थंड होईपर्यंत थांबावं लागतं. याआधी काय काय बदललंय त्याची बिलं असतील तर सोबत ठेवा आणि थरथर किती वेगाला येते ते बघून या. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी गर्दी असते, तेव्हा आदल्या दिवशी एक फोन करून वेळ घ्या.