गॉथिक रहस्यकादंबरी

गॉथिक रहस्यकादंबरी : एखादी जुनी वास्तू, तिच्यात राहणारे घराणे आणि त्या घराण्याने पोटात ठेवलेले पाप यांभोवती रचलेली कादंबरी. वारसाहक्काचा तंटा, कुलूपबंद खोली, वेडे ठरवून दूर ठेवलेले माणूस, सगळे ठाऊक असूनही गप्प बसणारा जुना नोकर ही तिची नेहमीची सामग्री. भूत असतेच असे नाही. भुताचा संशय मात्र लागतो.

नाव आले वास्तुकलेतून. मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या बांधणीला प्रबोधनकाळातल्या इटालियन जाणकारांनी गॉथ टोळ्यांचे नाव हेटाळणीने चिकटवले. हॉरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७६४ साली ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ छापली, तीही जुन्या इटालियन पोथीचे भाषांतर असल्याची बतावणी करून. दुसऱ्या आवृत्तीत आपणच लेखक असल्याचे कबूल करताना त्याने तिला ‘गॉथिक कथा’ म्हटले. अ‍ॅन रॅडक्लिफने १७९४ च्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये अमानुष वाटलेल्या बहुतेक गोष्टींचा शेवटी मानवी उलगडा केला, आणि भयकथेला रहस्यकथेचे वळण लागले.

याच रॅडक्लिफबाईंनी दोन प्रकारच्या भीतींत फरक केला होता. एक, जी मन जागे करते. दुसरी, जी ते गोठवून टाकते. त्यांचा हा निबंध १८२६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या रसविचाराशी हे बऱ्यापैकी जुळते. भयानकाचा स्थायीभाव (मूळ भावना) भय, बीभत्साचा जुगुप्सा (किळस). चांगली गॉथिक कादंबरी भयानकात राहते आणि अद्भुताकडे झुकते. रक्तमांसाचा सडा घातला की ती बीभत्सात घसरते आणि मग तिच्यात फारसे रहस्य उरत नाही. ‘हे खरेच भूत, की कुणाची करणी, की आपलाच भास?’ ही दोलायमान अवस्था म्हणजेच अशा साहित्याचा प्राण, असे त्स्वेतान तोदोरोव या समीक्षकाने १९७० मध्ये मांडले.

लहान मूल भुताला घाबरते. प्रौढ वाचक घराला घाबरतो, आणि या प्रकाराची खरी ओढ तिथे आहे. ज्याने वाटणीपत्रावर सही केली आहे, आजोबांच्या मृत्यूनंतर ट्रंकेत अनोळखी बाईचा फोटो पाहिला आहे, ‘तो विषय या घरात काढायचा नाही’ हे वाक्य ऐकले आहे, त्याला कुलूपबंद खोलीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नव्या नवरीच्या कथानकाचेही तसेच. डॅफ्ने द्यू मॉरिए यांच्या १९३८ च्या ‘रिबेका’त दुसरी बायको मोठ्या घरात येते आणि घरभर पहिलीचीच सत्ता असते. मराठी वाचकाला हे परके नाही. दुसरेपणाच्या बायकोने गळ्यात पहिलीचा, म्हणजे सवतीचा, टाक (धातूच्या पत्र्यावरची प्रतिमा) घालण्याची चाल काही घराण्यांत होती. किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला, हा प्रश्न तर प्रत्येक सासरी होताच.

पुण्यात गॉथिक वळणाच्या इमारती आहेत. डेक्कन कॉलेजची मुख्य इमारत, १८६७ मध्ये पूर्ण झालेले ज्यूंचे ओहेल डेव्हिड प्रार्थनास्थळ (पुणेकरांचे ‘लाल देऊळ’) ही ठळक नावे. गंमत अशी, की या टोकदार कमानींना कुणी घाबरत नाही. पुणेकराची भीती पेठेत राहते. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरायचे, चौक ओलांडायचा, आणि मग भिंतीच्या जाडीत बसवलेला जिना. तो इतका अरुंद आणि काळोखी, की वरून सोडलेला दोर धरून चढायचे. हजारो हातांनी काळाकुळकुळीत झालेला तो दोर हातात आला की पायऱ्या मोजल्या जातात, आपोआप. भिंतीत बळद असते. त्यात पूर्वी धान्य असे, आता काय आहे ते कुणी पाहिलेले नसते. माडीवरच्या एका खोलीला कुलूप असते. तिथे बहुधा भूत नसतेच, चुलतभावांचा दावा असतो.

या सगळ्यांवर शनिवारवाड्याची सावली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांचा उठाव, काकांचा आश्रय, आनंदीबाईंनी केलेला ‘ध’चा ‘मा’ ही सारी कथा गॉथिक कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी. ‘काका, मला वाचवा’ ही हाक पौर्णिमेला ऐकू येते म्हणतात. खुनाइतकीच ‘ध’चा ‘मा’ ही गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली, हे मला अर्थपूर्ण वाटते: कागदावरचे एक अक्षर आणि घरातलाच माणूस. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला, उरले तट आणि चौथरे. वाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार असल्याचेही छातीठोकपणे सांगितले जाते. कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा पेशवेकालीन भुयारी नळ मात्र खरोखरच आहे.

मराठीत १८६१ च्या ‘मुक्तामाले’पासून अद्भुतरम्य कादंबरी लिहिली गेली. तिचा गॉथिक धागा पुढे विशेषकरून नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्याकडे आला. धारपांकडे जुन्या घरातली अमानुष शक्ती खरी असते आणि तिच्याशी झुंजावे लागते. मतकरींच्या गूढकथांत धोका अनेकदा साध्यासुध्या माणसाच्या मनातून निघतो. शिवाय मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग असे पोटभेद करणाऱ्या भाषेत पुरलेल्या धनावर बसलेला समंध आधीपासून आहे. वारसा आणि पाप एकाच आकृतीत आणणारी याहून नेमकी गॉथिक कल्पना शोधूनही सापडणार नाही.

वाडे पडून तिथे सोसायट्या उभ्या राहिल्या, म्हणून या प्रकाराचे घर गेले असे मात्र नाही. मुले अमेरिकेत, आईवडील गेलेले, आणि दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पाच-सहा वर्षे बंद. दारावरची पितळी पाटी तशीच, देखभालखर्च दरमहा वेळेवर जमा होतो. शेजारच्या आजी म्हणतात, दुपारी आत कुणीतरी भांडी लावते.