न्हाणीघराचं दार

खान्देशातल्या एका वृद्धाश्रमात पाहिलेली सकाळ. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ, शेजारी दोन बादल्या पाणी आणि न्हाणीघराचं दार सताड उघडं. मावशींना एकटीनं सात जणांचं आवरायचं होतं. दर वेळी दार लावत बसल्या तर आठचा चहा दहाला मिळायचा. धोतर सुटलं तसे आजोबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते भिंतीकडे बघत बसले. मावशी तशा मायाळू. 'चल बाळा, मान वर कर,' म्हणाल्या. गावात ज्यांना सगळे मानानं जिभाऊ म्हणत, ते इथं बाळ झाले होते.

पूर्वी खटल्याच्या, म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबाच्या घरात म्हाताऱ्याची खाट ओसरीवर असे. दुखणं लांबलं की त्याचं सगळं मुलगा नाहीतर नातू करी, म्हातारीचं सून किंवा लेक. सासऱ्याची अंघोळ सहसा सुनेकडे येत नसे. या व्यवस्थेचे गोडवे गायचं कारण नाही, कित्येक म्हाताऱ्या त्याच घरांत कोपऱ्यात पडून गेल्या. पण कोणी कोणाला उघडं पाहायचं, याचा दंडक होता. पुढे एक भाऊ सुरतेला गेला, दुसरा नाशिक-पुण्याला, आणि खाटेजवळ बसायला कोणी उरलं नाही.

वृद्धाश्रमासारख्या संस्थांचं मूळ मात्र घरात नाही, दानधर्मात आहे. पुण्यात १९व्या शतकात मुंबईचे व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली संस्था 'अनाथ पंगुगृह' या नावानं ओळखली जाई. आज तिला 'निवारा' म्हणतात. जुन्या नावातच आत येणाऱ्याची पायरी ठरलेली होती. छप्पर आणि दोन वेळचं जेवण मिळालं की उपकार पूर्ण, मग दार उघडं आहे म्हणून तक्रार कोण करणार? १९९५मध्ये राज्यात मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, तेव्हाही बोलणं मुख्यतः जागांचं होतं.

बाहेरच्या देशांतही हे आपोआप सुधारलं नाही. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना खुर्चीला, पलंगाला बांधून ठेवत, औषधांनी गुंगीत ठेवत. १९८६मध्ये सरकारनं मागवलेल्या एका अभ्यास अहवालानं ते चव्हाट्यावर आणलं आणि १९८७च्या कायद्यानं सोयीसाठी बांधून ठेवण्याला मनाई केली. १९९१मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वृद्धांसाठी तत्त्वं मंजूर केली. कोणत्याही निवासात राहणाऱ्याची प्रतिष्ठा आणि खासगीपणा जपला जावा, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा आपला कायदा २००७चा, महाराष्ट्रात लागू झाला २००९मध्ये. कलम १९ सांगतं की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढू शकतं. 'काढू शकतं', काढलाच पाहिजे, असं नाही. त्याच कलमात सेवांचा दर्जा ठरवायची मुभा आहे, पण उल्लेख आहे वैद्यकीय देखभालीचा आणि करमणुकीच्या साधनांचा. म्हणजे टीव्हीची सोय कायद्याच्या नजरेत आहे, संडासच्या कडीचा विचार ज्यानं त्यानं करावा! २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ज्येष्ठांच्या सन्मानाला संविधानातल्या जगण्याच्या हक्काशी, कलम २१शी जोडलं. २०१९च्या दुरुस्ती विधेयकात निर्वाहाच्या व्याख्येत सन्मानानं जगणं आलं होतं, वृद्धाश्रमांना नोंदणी आणि किमान दर्जाही होता. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं.

त्याच आश्रमात बायकांच्या बाजूला दुसऱ्या एका मावशींनी तारेवर जुनं लुगडं पसरून आडोसा केला होता. आतून एक आजी बजावत होत्या, 'पाठ तेवढी तू घस, बाकीनं मी करसू.'