कान कोणी टोचायचा?

पुण्या-मुंबईत, नाशकात किंवा कोल्हापुरात कान-नाक टोचून घ्यायचं म्हटलं तर आज चार दारं उघडी असतात. पेढीवरचा सोनार, बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना, टोचायची बंदूक ठेवणारं ब्युटी पार्लर आणि टॅटूचा स्टुडिओ. चौघांची हत्यारं वेगळी, आणि प्रत्येकाच्या मते बाकीचे तिघे चुकतात. एक खोबरेल आणि हळद सांगतो, दुसरा मलम लिहून देतो, तिसरा स्पिरिटचा बोळा हातात ठेवतो, चौथा म्हणतो सलाइनखेरीज काही लावायचंच नाही. टोचणं क्षणात उरकतं. पुढचे कित्येक आठवडे त्या जखमेकडे कोण बघणार, यावरून हे चार पंथ झाले आहेत आणि ही कथा बरीच जुनी आहे.

लेखी पुरावा शोधत मागे गेलं की सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय लागतो. ‘रक्षाभूषणनिमित्तं बालस्य कर्णौ विध्येते’, म्हणजे बाळाचे कान टोचायचे ते रक्षणासाठी आणि दागिन्यासाठी. पुढचं वर्णन मुरलेल्या माणसाने शिकाऊ हाताला समजावून सांगावं तसं आहे. सहावा किंवा सातवा महिना, शुक्ल पक्ष. बाळाला दाईच्या मांडीवर बसवायचं, खेळणी दाखवून रिझवायचं. वैद्याने डाव्या हाताने कान ओढून धरायचा, उन्हाचा उजेड पाळीतून आरपार दिसतो ती जागा हेरायची आणि उजव्या हाताने हळूहळू, सरळ टोचायचं. पातळ पाळीला सुई, जाड पाळीला आरी. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. मग भोकात कापसाची वात सारायची आणि वरून कच्चं तेल सोडायचं.

उजेडाची युक्ती शिरा टाळण्यासाठी आहे. कालिका, मर्मरिका आणि लोहितिका अशा तीन शिरांची नावं देऊन त्या दुखावल्या तर काय काय होतं, ज्वर, सूज, गाठी, मान धरणं, हे ग्रंथ सांगतो. रक्त जास्त आलं, दुखणं जास्त झालं, तर जागा चुकली असं समजावं. आजचे जाणते पिअर्सर, म्हणजे स्टुडिओत टोचणारे, नाकपुडीच्या किंवा जिभेच्या मागे छोटा टॉर्च धरून रक्तवाहिन्या बघतात, तेही याच कारणासाठी.

पण या अध्यायाचा जीव टोचण्यात नाही, बिघडलेलं निस्तरण्यात आहे. सुई वाकडी किंवा बोथट असली, वात फार जाड घातली, जागा चुकली, तर वात काढायची, ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव आणि तीळ यांचा लेप मध-तुपात करून भोक भरून येईपर्यंत लावायचा आणि मग नव्याने टोचायचं. सगळं नीट असेल तर दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात. जड कुंडलांसाठी भोक मोठं करायचं असे ना! आजच्या हिशेबाने ही घाईच. आता एका मापावरून पुढच्या मापावर जायला आठवडे, कधी महिने जाऊ देतात. पाळी ताणता ताणता फाटायचीही. सुश्रुत त्याचं खापर शरीरातल्या वात-पित्त-कफ या दोषांवर आणि आघातावर फोडतो, मला त्यात त्या जाड वातींचाही वाटा दिसतो. काही असो, फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती त्याने नावानिशी दिल्या आहेत, आणि त्याच ओघात अध्यायाच्या शेवटी गालाची त्वचा घेऊन तुटलेलं नाक जोडण्याची कृती येते. भारतीय प्लास्टिक सर्जरीचा आरंभ म्हणून जे प्रकरण आपण मिरवतो, ते मुळात कान टोचण्याचं आणि टोचून बिघडलेल्या कानांच्या दुरुस्तीचं प्रकरण आहे.

या विद्येचं पुढचं ठळक दर्शन पुण्याजवळ घडलं. इंग्रज फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. साधारण वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळावरची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. ही हकिकत लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली, आणि तिच्या आधारे जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. त्या छापील पत्रात कारागिराची ओळख विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला अशी दिली आहे. म्हणजे तोवर हे काम ग्रंथातल्या वैद्याकडून कारागिराच्या हाती गेलेलं होतं.

कानाचंही तेच झालं. महाराष्ट्रात बाराव्या दिवशी, बारशाच्या सुमारास किंवा थोडं पुढेमागे सोनार घरी येई. सोन्याच्या बारीक तारेचं टोक तासून अणकुचीदार केलेलं असे. तीच सुई आणि तीच बाळी. पाळीतून काढली, वळवून अडकवली, हळद-तेलाचं बोट लावलं, झालं. थोरल्या मुलींच्या भोकात सोनं येईपर्यंत कडुनिंबाची काडी असे. सोनाराने कान टोचलेला बरा, ही म्हण आपण योग्य माणसाने सुनावलं तरच पटतं अशा अर्थाने वापरतो. पण तिच्यामागचा व्यवहार साधा होता. ज्याने बाळी घातली त्याच्याकडेच पुढे मंगळसूत्र होणार, नात टोचायलाही तोच येणार. कान पिकला तर दाद मागायला एक ओटा ठरलेला होता.

या व्यवस्थेचं फार गुणगान करण्यात मात्र अर्थ नाही. कधी एकाच आरीने गावभर कान टोचले जात, उकळत्या पाण्याचा पत्ता नसे, आणि बारा दिवसांच्या बाळाला धनुर्वाताविरुद्ध आईकडून काही मिळालं असलं तर तेवढंच संरक्षण. नवजात बाळांचा धनुर्वात देशातून हटल्याचं शिक्कामोर्तब २०१५ मध्ये झालं, हे ध्यानात घेतलं म्हणजे आजचे बालरोगतज्ज्ञ दीड महिन्याची पहिली पेंटाव्हॅलंट, म्हणजे धनुर्वातासह पाच रोगांवरची लस होईपर्यंत तरी थांबा असं का म्हणतात ते कळतं. सुश्रुताचा सहावा महिना इथे बाराव्या दिवसापेक्षा शहाणा ठरतो.

नाकाची गोष्ट वेगळी. सुश्रुताच्या त्या अध्यायात नाक टोचण्याचा विधी नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर कानांत भरगच्च कुंडलं आहेत, नाकात काही नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनत्वाचा छडा लावताना संस्कृत वाङ्मय चाळून काढलं आणि इसवी सन १००० च्या आधी तिचा भरवशाचा पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष मांडला. पश्चिम आशियात मात्र ही चाल फार जुनी. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात रिबेकाच्या नाकात सोन्याची नथ घातल्याचा उल्लेख आहे. तेव्हा डाव्या नाकपुडीचा गर्भाशयाशी संबंध आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी ओळखला होता, असा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर पुढे ढकलण्याआधी जरा थांबावं. नथ उशिरा आली आणि आली ती थेट सौभाग्यलेणं होऊन बसली, इतकी की नवरा गेला की आधी तिच्यावर हात पडे. आधीची मुलं जगली नसली तर पुढच्या मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवायची चालही होती. नथू, नथोबा ही नावं त्यातूनच.

वरच्या कूर्चेत, म्हणजे कानाच्या कडक भागात टोचणं हेही आपल्याला नवं नाही. बायकांची बुगडी तिथेच, पुरुषांची भिकबाळी तिथेच. स्टुडिओच्या दरपत्रकावर जिला हेलिक्स म्हणतात ती जवळपास बुगडीचीच जागा. सगळ्यात कठोर प्रकार नाथपंथी कानफाट्या जोग्यांचा. दीक्षेच्या वेळी गुरू दुधारी सुरीने कानाची कूर्चा चिरतो, चिरेत कडुनिंबाची काडी बसवतात आणि जखम भरली की जड मुद्रा, म्हणजे मोठी कुंडलं, घालतात. जखम भरेपर्यंत जोगी एकांतात, शिस्तीत राहतो. टोचल्यानंतरची काळजी हा दीक्षेचाच भाग झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता अमेरिका, कारण आजच्या स्टुडिओचं मूळ तिथे आहे. जिम वॉर्ड नावाच्या दागिने घडवणाऱ्याने १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला ‘गॉन्टलेट’ हा व्यवसाय घरातून सुरू केला. १९७८ मध्ये वेस्ट हॉलिवूडला त्याचं दुकान झालं. त्यामागे पैसा डग मॅलॉय या टोपणनावाने वावरणाऱ्या रिचर्ड सायमंटन यांचा होता. म्हणजे तिथेही सुरुवात सोनारानेच केली म्हणायची! वॉर्डने पोकळ सुई, शरीराच्या प्रत्येक भागाच्या जाडीनुसार कडी किंवा दांडी आणि नंतरच्या सूचनांचा कागद अशी घडी बसवली. मॅलॉय यांचा वारसा वेगळाच. त्यांनी एक पत्रक काढलं आणि त्यात इतिहास रचून घातला: रोमन शिपाई म्हणे छातीतल्या कड्यांना झगे अडकवत, इजिप्तचे राजे म्हणे बेंबी टोचत. याला कसलाही आधार नाही, तरी पुढची वीस-तीस वर्षं मासिकं आणि पुस्तकं तेच छापत राहिली. पूर्वजांचा हवाला देऊन माल खपवण्याची कला एकट्या आपल्या व्हॉट्सॲपची नव्हे. बेंबी टोचण्याची लाट खरी आली ती १९९३ मध्ये, एरोस्मिथ या अमेरिकी रॉक बँडच्या एका गाण्याच्या व्हिडिओमुळे.

दरम्यान दुसरीकडे बंदूक आली होती. स्प्रिंगच्या जोरावर बोथट टोकाचा खडा पाळीत घुसवणारं हे यंत्र सत्तरच्या दशकात अमेरिकी दुकानांत पसरलं आणि यथावकाश आपल्या पार्लरांत आलं. काम पटकन होतं, शिकायला फार वेळ लागत नाही, मूल रडायच्या आत आटोपतं. पण प्लास्टिकची बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही, खड्याची दांडी आखूड असल्याने सूज आली की फिरकी मांसात रुतते, आणि कूर्चेवर तो दणका धोक्याचा. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो; वरच्या पातळ आवरणातून तिला जे मिळतं त्यावर ती जगते. ते आवरण सुटलं आणि आत जंतू गेले तर औषधही नीट पोचत नाही आणि कानाचा आकार कायमचा बसतो. २००० मध्ये ओरेगनमधल्या एका दुकानात वरचे कान टोचून घेतलेल्या लोकांना स्यूडोमोनास जंतूची लागण झाली. तपासात दोष सापडला तो जंतुनाशकाच्याच फवाऱ्याच्या बाटलीत. अमेरिकी पिअर्सरांची संघटना १९९४ मध्ये उभी राहिली. बंदुकीला तिचा ठाम विरोध आहे.

बंदुकीबरोबर एक सूचनाही आली: रोज स्पिरिट लावा आणि खडा फिरवत राहा, नाहीतर चिकटेल. आपल्याकडेही तेल लावून बाळी फिरवायला सांगत, त्यामुळे ती सहज पटली. आता ती मोडीत निघाली आहे. टोचलेली जखम दोन्ही तोंडांकडून आत नवी त्वचा वाढवत नळीसारखी भरते; फिरवलं की ती कोवळी त्वचा सोलते, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने मरते. म्हणून स्वच्छ हात आणि ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक सलाइन, बाकी हात लावू नये. बाहेरून भरल्यासारखं दिसलं तरी आतली नळी कच्ची असते, म्हणून दागिना बदलायची घाई नको. पाळीला सहा ते आठ आठवडे, नाकपुडीला चार-सहा महिने, कूर्चेला आणि बेंबीला सहा महिने ते वर्ष. सुरुवातीची दांडी सूज मावावी म्हणून लांब ठेवतात. सूज उतरल्यावर ती आखूड करून घ्यावी लागते, नाहीतर केसात-ओढणीत अडकून जागा वाकडी होते. पू झाला तर दागिना स्वतः उपटू नये. भोकाची तोंडं मिटतात आणि गळू आत कोंडतं, डॉक्टरला दाखवावं. घरात कुणाला केलॉइड येत असेल, म्हणजे जखमेचा वण फुगून गाठ होत असेल, तर कूर्चेचा विचार करायच्या आधीच दाखवलेलं बरं. आणि टोचल्यावर वर्षभर रक्तदान नाही, हे रक्तपेढीच्या दारात कळून बरेच जण परत फिरतात.

राहता राहिला धातू. खोट्याने कान चिघळतात, हे आजीचं निदान अचूक होतं. गुन्हेगार बहुतेक वेळा निकेल. युरोपीय संघाने १९९४ मध्ये निकेलवर निर्बंध आणले आणि पुढे टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल झिरपू नये अशी मर्यादा घातली. चांगले स्टुडिओ म्हणून शस्त्रक्रियेत वापरतात त्या प्रतीचं टायटॅनियम देतात. आपल्याकडे भरवसा अजून पिवळ्या सोन्यावर, आणि शुद्ध असेल तर तो चुकीचा नाही. पांढऱ्या सोन्यात मात्र निकेल असू शकतं. जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, पण दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला त्यातून सूट आहे. बाळाच्या ताज्या जखमेत जाणारी तार नेमकी त्याहून हलकी असते, तेव्हा तिच्या कसाबद्दल आजही सोनाराचा शब्दच घ्यावा लागतो.