मे महिन्यातला गारवा ‘अल्फेलियन’मुळे नव्हे

हिमाचलात अवेळी बर्फ पडला किंवा मुंबईत वळीव बरसला, की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच संदेश फिरतो: ‘अल्फेलियन’मुळे (खरा शब्द ‘अफेलियन’, म्हणजे पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असण्याची स्थिती) सूर्य ९ कोटींवरून १५.२ कोटी किलोमीटर दूर जाणार, थंडी वाढणार. वयस्कर मंडळी घाबरतात, म्हणून हा खुलासा. पृथ्वी-सूर्य अंतर जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १४.७, तर जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी किलोमीटर असते. फरक जेमतेम ३ टक्के, तोही दरवर्षीचा. शिवाय सूर्य सर्वांत जवळ असताना आपल्याकडे हिवाळाच असतो, कारण ऋतू ठरतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कलल्यामुळे. हिमालयातला अवेळी बर्फ बहुधा भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी चक्रावातांचा, आणि मुंबईतला गारवा वळवाच्या ढगांतून वेगाने खाली उतरणाऱ्या, पावसाने थंडावलेल्या हवेचा असतो.