न झालेला कचरा मोजायचा कसा?

कचरा कमी केल्याबद्दल एखाद्या शहराचा, संस्थेचा किंवा कारखान्याचा गौरव होतो, तेव्हा मानपत्रात एक आकडा हमखास असतो: एकूण कचऱ्यापैकी इतके टक्के रिसायकल झाला. हा आकडा सुटसुटीत आहे आणि दोन शहरांची तुलना त्यावरून चटकन करता येते. पण कचरा कमी करण्याचं काम खरोखर कुणी केलं, हे त्यातून कळत नाही. कित्येकदा तर उलटंच चित्र दिसतं.

दोन काल्पनिक शहरं घेऊ. पहिल्यात माणशी वर्षाला ४०० किलो कचरा होतो आणि त्यातला ६० टक्के रिसायकल होतो. दुसऱ्यात माणशी २२० किलोच कचरा होतो, पण रिसायकल होतो जेमतेम ४० टक्के. टक्केवारी पाहून बक्षीस पहिल्याला मिळेल. आता डेपोत काय जातं ते पाहा. पहिल्या शहरातून माणशी १६० किलो, दुसऱ्यातून १३२. शिवाय दुसऱ्या शहरात माणशी १८० किलोच्या वस्तू मुळात टाकून द्याव्याच लागल्या नाहीत. त्या बनवायला, वाहून न्यायला आणि पुन्हा वितळवायला लागणारी वीज, पाणी, इंधन हे सगळं वाचलं. त्याची नोंद मात्र कुठेच नाही.

असं होतं याचं कारण अपूर्णांकात आहे. कचरा होऊच दिला नाही तर छेद घटतो, पण त्याबरोबर अंशही घटतो, आणि बऱ्याचदा तो जास्त वेगाने घटतो. टाळता येण्याजोग्या वस्तूंत बाटल्या, खोकी, कागद यांचा मोठा भरणा असतो, आणि रिसायकलिंगच्या खात्यात वजन टाकणाऱ्या वस्तूही त्याच. त्यामुळे लोकांनी बाटली पुन्हा भरून वापरायला सुरुवात केली की शहराची टक्केवारी खाली येऊ शकते. युरोपीय संघाच्या २००८ च्या कचराविषयक निर्देशात कचरा टाळणं ही पहिली पायरी आहे, वस्तू पुन्हा वापरण्याजोगी करणं ही दुसरी, आणि रिसायकलिंग तिसरी. हा क्रम सगळ्यांना मान्य आहे. गौरव करताना मात्र तो सहज विसरला जातो.

रिसायकलिंगचं मोल कमी करण्याचा इथे हेतू नाही. खनिजापासून अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवून नवं मिळतं. पण सगळे पदार्थ इतके उदार नसतात. कागदाचा तंतू प्रत्येक फेरीत तुटून आखूड होतो आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर कामाचा राहत नाही. प्लास्टिकची स्थिती सगळ्यात वाईट. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत प्लास्टिकचा जो ६.३ अब्ज टन कचरा झाला होता, त्यातला फक्त ९ टक्के रिसायकल झाला.

मग मोठमोठे आकडे येतात कुठून? वजन कुठे केलं, यावर बरंच अवलंबून असतं. गोळा केलेल्या मालाचं वजन, वर्गीकरणानंतरच्या गासड्यांचं वजन आणि कारखान्याच्या यंत्रात प्रत्यक्ष शिरलेल्या मालाचं वजन, ही तीन वेगळी वजनं आहेत. प्रत्येक टप्प्यावर ओल, माती, चिकटलेलं अन्न आणि चुकून आलेल्या वस्तू गळत जातात. अनेक देशांत माल परदेशी जाणाऱ्या जहाजावर चढला की तो रिसायकल झाला असंच धरलं जात होतं. २०१८ मध्ये चीनने आयात कचऱ्यातली भेसळ बहुतेक प्रकारांत ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालणार नाही अशी अट घातली, आणि ठिकठिकाणी ‘रिसायकल झालेल्या’ मालाचे ढीग साचले. कॅलिफोर्नियात डेपोवरचा कचरा झाकायला रोज मातीऐवजी बागेतला पालापाचोळा पसरला तर तोही डेपोपासून वाचवलेला कचरा म्हणून मोजला जाई. २०२० पासून ती सवलत बंद झाली. युरोपीय संघानेही आता वजन शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे प्रत्यक्ष पुनर्प्रक्रियेत शिरताना, धरायचं ठरवलं आहे. या नियमांनी कित्येकांचे आकडे खाली येतात. मला हे बदल कुठल्याही पुरस्कारापेक्षा महत्त्वाचे वाटतात.

भेसळ म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या पीईटी नावाच्या प्लास्टिकच्या असतात. त्यांच्या चुऱ्यात पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकचा कण शिरला तर तो पाण्यात तरंगवूनही वेगळा करता येत नाही, कारण दोन्हींची घनता जवळजवळ सारखीच. पीईटी वितळायला सुमारे २५० अंश सेल्सिअस तापमान लागतं. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी विघटित होतं आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. तो पीईटीच्या लांब साखळ्या तोडतो, माल पिवळा आणि ठिसूळ होतो. दहा हजार भागांत एक भाग पीव्हीसीही त्यासाठी पुरेसं ठरतं. म्हणून पट्ट्यावरून धावणाऱ्या प्रत्येक वस्तूवर अवरक्त प्रकाश टाकतात, परतलेल्या प्रकाशावरून यंत्र प्लास्टिक ओळखतं आणि हवेचा झोत मारून नको ती वस्तू बाजूला उडवतं. पण काजळीचा रंग दिलेलं काळं प्लास्टिक तो प्रकाश शोषून घेतं, यंत्राला ते दिसतच नाही. बाटलीभोवतीचं वेष्टण पीव्हीसीचं नको, डबा काळा नको, असं ठरवणारा डिझायनर एका निर्णयाने असंख्य वस्तूंचं भवितव्य बदलतो. त्याचं नाव कुठल्याही मानपत्रात नसतं.

चुका कुठे होतात हे शोधण्याची पद्धत अगदी साधी आहे. डेपोकडे निघालेल्या गाडीतला कचरा फरशीवर किंवा ताडपत्रीवर ओततात, नीट मिसळतात, ढिगाचे चार भाग करतात आणि साधारण ९० ते १३५ किलोचा नमुना बाजूला काढतात. मग हातमोजे घालून माणसं तो हातांनी निवडतात: कागद इकडे, काच तिकडे, अन्न वेगळं, कापड वेगळं. प्रत्येक ढिगाचं वजन होतं. वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वस्त्यांत हे पुन्हा करावं लागतं, नाहीतर एकाच दिवसाचा योगायोग सत्य म्हणून मिरवला जातो. काम घाणेरडं आणि कंटाळवाणं आहे. पण खरी दिशा इथूनच मिळते.

इटलीतल्या कापान्नोरी या गावाने ते करून दाखवलं. रोस्सानो एर्कोलिनी हे तिथले प्राथमिक शाळेतले शिक्षक. कचरा जाळण्याच्या भट्टीला त्यांनी विरोध केला, दारोदार वेगळा कचरा गोळा करण्याची पद्धत रुजवायला मदत केली आणि २००७ मध्ये गावाने ‘शून्य कचऱ्या’चं ध्येय जाहीर केलं. पुढे त्यांनी उरलेला, कशातच न बसणारा कचरा तपासायला घेतला. त्यात कॉफीच्या कॅप्सूल वारंवार सापडू लागल्या, तेव्हा गावाने थेट उत्पादकांशी बोलणी सुरू केली. २००४ मध्ये तिथे माणशी रोज १.९२ किलो कचरा होत होता, २०१२ मध्ये तो १.१८ किलोवर आला. वेगळ्या गोळा होणाऱ्या कचऱ्याची टक्केवारीही खूप वाढली, पण मला किलोंचा तो उतरता आकडा मोठा वाटतो. एर्कोलिनींना २०१३ चं गोल्डमन पर्यावरण पारितोषिक मिळालं.

त्याच वर्षी ते पारितोषिक नोहरा पादिया यांनाही मिळालं. त्या कोलंबियातल्या बोगोटा शहरातल्या कचरावेचकांच्या नेत्या. जगात अनौपचारिकपणे कचरा वेचून पोट भरणाऱ्यांची संख्या दीड ते दोन कोटी असल्याचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज आहे. अनेक शहरांत रिसायकलिंगचा मोठा भाग हीच माणसं उचलतात, आणि त्यांनी उचललेला माल शहराच्या अधिकृत वजनकाट्यावर कधी चढतच नाही. त्यामुळे शहराच्या अहवालात ना तो माल असतो ना ती माणसं. मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने प्लास्टिक कराराचा ठराव केला, त्यात या श्रमिकांच्या योगदानाचा उल्लेख झाला. तो व्हायलाच हवा होता.

बोगोटातला लढा याच्या पुढे गेला. पादिया आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. २०११ मध्ये कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने शहराच्या कचरासेवेचं कंत्राट देण्याची प्रक्रिया थांबवली आणि त्या सेवेत कचरावेचकांना सामावून घ्यायला सांगितलं. मार्च २०१३ पासून शहर त्यांना गोळा केलेल्या मालाच्या वजनानुसार मोबदला देऊ लागलं. वजनावर पैसे म्हणजे पुन्हा जास्त कचऱ्यालाच उत्तेजन, असा आक्षेप कुणी घेईल. पण कचरा निर्माण करण्याचा निर्णय कचरावेचकाच्या हातात नसतोच, तो कारखान्यात आणि दुकानात आधीच झालेला असतो. शिवाय मोबदला द्यायचा तर आधी मोजावं लागतं. म्हणून त्यांचा माल अधिकृत काट्यांवर चढू लागला, आणि जे काम ते वर्षानुवर्षं करत होते त्याची शहराच्या दप्तरी किलोत नोंद होऊ लागली.