विज्ञान कादंबरी आणि फँटसी: मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी शोधणारे पालक विज्ञान कादंबरी आणि फँटसी ही एकाच कुळातली मानतात, पण निवडायची वेळ आली की मुखपृष्ठ पाहून निकाल देतात: अंतराळयानाचे चित्र असेल तर पुस्तक अभ्यासाला पूरक, ड्रॅगनचे किंवा जादूगाराचे असेल तर ते निव्वळ करमणुकीचे, किंवा त्याहूनही वाईट म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे. या समजुतीपायी दोन्ही प्रकारांतली उत्तम पुस्तके मुलांपर्यंत पोहोचत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

अशक्य गोष्टी दोन्हीकडे घडतात. लेखक त्या अशक्याचा हिशेब कोणाला देतो, हे पाहिले की फरक लक्षात येतो. विज्ञान कादंबरीचा लेखक आपल्याला माहीत असलेल्या निसर्गनियमांना बांधलेला असतो. त्यांच्यापुढे एखादे पाऊल टाकले तरी ते कसे टाकले, हे त्याला सांगावे लागते. फँटसीचा लेखक हे बंधन आरंभीच बाजूला ठेवतो, मात्र आपल्या जगाचे नियम एकदा ठरवले की ते त्याला शेवटपर्यंत पाळावे लागतात.

ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या दोन कादंबऱ्या (1865 आणि 1870) या दृष्टीने मुलांबरोबर बसून वाचण्यासारख्या आहेत. माणसे बसलेले यान चंद्राकडे डागणारी नऊशे फूट लांबीची तोफ, ती ओतण्याची तयारी, फ्लोरिडातल्या जागेची निवड, दारूचे वजन हे सगळे त्याने आकडेमोडीसह मांडले आहे. प्रवासात एक कुत्रा मरतो, त्याचे शव बाहेर टाकले जाते आणि ते मागे न पडता यानाच्या बरोबरीने जात राहते. हे भौतिकशास्त्राला धरून आहे, कारण बाहेर पडताना शवाचाही वेग यानाइतकाच होता. पण यानातली माणसे मात्र व्हर्नने जवळजवळ संपूर्ण प्रवासात जमिनीवर असावीत तशी वावरताना दाखवली आहेत. पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ समसमान होते त्या एका टप्प्यापाशीच ती तरंगतात. जो नियम बाहेरच्या कुत्र्याला, तोच आतल्या माणसांना लागू व्हायला हवा, हे विचार करणाऱ्या मुलाला स्वतःहून सुचू शकते. त्याच तर्काने पुढे गेले की तोफेच्या धक्क्याने प्रवासी जागीच चिरडले गेले असते, हेही उमगते. लेखकाला असे पुराव्यानिशी पकडता येणे हा विज्ञान कादंबरीचा खास आनंद आहे, आणि तो मिळण्यासाठी पुस्तकातले विज्ञान बिनचूक असण्याची गरज नाही. एच. जी. वेल्सने 1901 च्या कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ कल्पून चंद्र गाठला, तेव्हा व्हर्नने एका मुलाखतीत नाराजी व्यक्त केली होती, ती याच हिशेबाच्या प्रश्नावरून.

आता याशेजारी अर्सुला ले ग्विन यांची अर्थसी या कल्पित बेटांची कादंबरी (1968) ठेवून पाहावी. गेड हा गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा जादू शिकतो. तिथे जादू कशी चालते, असा प्रश्न भौतिकशास्त्राला विचारून उपयोग नाही; पण तिची किंमत काय, याचे उत्तर कादंबरी प्रत्येक प्रकरणात देते. प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते कळल्यावाचून तिच्यावर सत्ता चालत नाही. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे अवर्षण पडू शकते. गर्वापोटी गेड जी काळी सावली जगात सोडतो, ती कोणत्याही मंत्राने आयती नाहीशी होत नाही. तिला त्याला स्वतःलाच सामोरे जावे लागते. मत्सर आणि स्वतःची भीती यांविषयी एवढे थेट बोलणारे पुस्तक या वयाच्या मुलांसाठी फार क्वचित लिहिले जाते.

अंधश्रद्धेची चिंता महाराष्ट्रात खरी आहे आणि तिला मी कमी लेखणार नाही. मात्र ‘हे जग कल्पित आहे’ असे पहिल्याच पानापासून उघड सांगणाऱ्या पुस्तकाने मूल फसत नाही. अधिक सावध राहावे ते क्वांटम, ऊर्जा, कंपने असे शब्द मंत्रासारखे पेरून कोणताही चमत्कार सिद्ध झाल्याचा आव आणणाऱ्या पुस्तकांपासून, कारण तिथे खरे कुठे संपते आणि कल्पित कुठे सुरू होते, हे ओळखण्याचे साधनच मुलाच्या हाती राहत नाही. मुखपृष्ठावर यान असले तरी अशा पुस्तकाला मी विज्ञान कादंबरी म्हणणार नाही.

मराठीतून वाचणाऱ्यांसाठी वाटा आहेत. व्हर्नला भा. रा. भागवतांनी मुलांच्या मराठीत आणले. डॉ. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून विज्ञानकथालेखन सुरू केले. त्यांची ‘वामन परत न आला’ ही यंत्रमानवाची कादंबरी तेरा-चौदाव्या वर्षी द्यावी, कारण माणसाने घडवलेली बुद्धी माणसाच्या ताब्यात राहील का, हा तिच्यातला प्रश्न आता मुलांच्या रोजच्या बोलण्यातला झाला आहे. फँटसीत टोल्कीनच्या ‘हॉबिट’चा (1937) आणि हॅरी पॉटरचा मराठी अनुवाद झालेला आहे; दहाव्या वर्षी, विशेषतः मोठ्याने वाचून दाखवायला, त्यांतले ‘हॉबिट’ मला अधिक योग्य वाटते.

मॅडलिन लेंगल यांच्या ‘अ रिंकल इन टाइम’ या 1962 च्या कादंबरीसारखी काही पुस्तके दोन्ही अंगणांत पाय ठेवून उभी असतात: अवकाशाला घडी घालून अंतर तोडण्याची कल्पना गणितातून आलेली, तर वाट दाखवणाऱ्या तीन वृद्धा परीकथेतल्या वाटाव्यात अशा. कोणता प्रकार आवडेल याचा अंदाज नसलेल्या मुलाला असे पुस्तक आधी द्यावे आणि ते वाचून झाल्यावर मूल कोणत्या भागाविषयी अधिक बोलते, अवकाशाच्या घडीविषयी की त्या वृद्धांविषयी, हे ऐकून पुढचे पुस्तक निवडावे.